स्टॅश फुल्ल झालाय दादा, काय फेकू?

या वेळी गेमिंगच्या टपालात निम्म्याहून जास्त पत्रं आर्क रेडर्सची आहेत, म्हणजे जमिनीवर जाऊन सामान लुटायचं आणि जिवंत खाली घरी आणायचं तो गेम, आणि सगळ्यांचं रडगाणं एकच, स्टॅशमध्ये, म्हणजे घरच्या कोठारात, जागा नाही. त्यातली तीन घेतो.

प्रश्न: दादा, महिनाभर खेळतोय. प्रत्येक राउंडनंतर अर्धा तास नुसतं सामान लावण्यात जातो. एक मित्र म्हणतो सगळं रिसायकल कर, मटेरियल मिळतं. दुसरा म्हणतो सगळं विकून टाक आणि त्या कॉइनमधून स्लॉट वाढव. आणि मला तर काहीच टाकवत नाही, वाटतं उद्या लागलं तर? — इंजिनिअरिंग, तिसरं वर्ष, सांगली

उत्तर: दोघंही अर्धे बरोबर आहेत, आणि तू जे म्हणतोस ना 'उद्या लागलं तर', तेच आपल्या आज्ज्या श्रीखंडाच्या डब्यांबद्दल म्हणतात आणि मग माळ्यावर माणूस शिरत नाही.

आधी हे बघ की गेममध्ये खरी टंचाई कशाची आहे. कॉइनची नाही, स्लॉटची, म्हणजे स्टॅशमधल्या खणांची. सुरुवातीला ६४ मिळतात, पैसे भरत भरत २८० पर्यंत नेता येतात आणि तिथे पैशाचं दार बंद. म्हणजे प्रत्येक वस्तू तुझ्याकडे भाड्याने राहतेय असं समज. भाडं देत नसेल तर बाहेर.

आता भाडं कोण देतं? वर्कशॉपमधल्या पुढच्या अपग्रेडला जे लागतं ते. त्याच्या पुढच्याला लागणारं नाही, अगदी पुढच्याच. गनस्मिथ, म्हणजे बंदुका बनवायचं टेबल, त्याच्या लेव्हल दोनला तीन गंजलेली टूल्स, पाच मेकॅनिकल कंपोनंट आणि वास्प या उडत्या यंत्राचे आठ ड्रायव्हर लागतात. रिफायनर, म्हणजे मटेरियल तयार करायचं टेबल, त्याच्या दोनला तीन टोस्टर. हो, साधे पाव भाजायचे टोस्टर! नवीन माणूस हेच टोस्टर भंगार म्हणून पहिल्याच दिवशी मोडतो आणि नंतर बरीड सिटी या मॅपमधल्या घराघरात स्वयंपाकघरं उघडत फिरतो. मी स्वतः पहिल्या आठवड्यात तीन गंजलेले गिअर खुशाल मोडीत काढले होते, पुढे गनस्मिथ तीनला तेवढेच तीन मागितले, मग काय, पुढचे किती राउंड गेले ते सांगत नाही, लाज वाटते. म्हणून वर्कशॉपमध्ये ते ट्रॅकचं बटण आहे ना, ते दाबून ठेव, लूट करताना त्या वस्तूवर खूण दिसते आणि डोक्यात यादी ठेवायला लागत नाही.

मग विकायचं काय आणि मोडायचं काय? हे रद्दीवाल्यासारखं आहे. पितळेचा नळ तुकडे करून विकलास म्हणून जास्त पैसे येत नाहीत. बऱ्याच वस्तूंचं असं होतं की रिसायकल करून जे मटेरियल येतं त्याची किंमत अख्ख्या वस्तूपेक्षा कमी भरते. म्हणजे कॉइन हवे असतील तर अख्खी विक, आणि मोडायची ती तेव्हाच जेव्हा आतलं मटेरियल तुला आत्ता कशाला तरी लागतंय. वस्तूवर जाऊन तपशील उघडला की मोडल्यावर काय मिळेल ते आधीच दिसतं, तेवढे दोन सेकंद दे. हिऱ्याची खूण असलेले शोपीस, म्हणजे स्नो ग्लोब, पत्त्यांचा कॅट वगैरे, बहुतेक विकण्यासाठीच असतात. पण कुत्र्याचा पट्टा न् मांजराची गादी असलं काही दिसलं तर थांब, ते का ते खाली रत्नागिरीच्या पत्रात सांगतो.

सगळ्यात जास्त जागा कोण खातं माहितीये? बंदुका. कापड, प्लास्टिक, रबर एका स्लॉटमध्ये ५० बसतं, बंदूक एकच. तुझ्याकडे दहा-बारा केटल रायफली पडल्या असतील बघ, मेलेल्या माणसांच्या उचललेल्या. दोन-तीन ठेव, बाकीच्यांचे अटॅचमेंट आधी काढून घे आणि मग सोड. नाहीतर सरळ घेऊन वर जा आणि वापर की रे! हरली तर हरली, फुकटचीच होती.

प्रश्न: राउंडमध्ये असतानाच बॅग भरली तर तिथेच सॅल्व्हेज करावं का? मी करते पण मैत्रीण म्हणते नुकसान होतं. — नोकरदार, पुणे

उत्तर: मैत्रीण बरोबर आहे. तिथल्या तिथे मोडलं की खाली स्पेरान्झात, म्हणजे आपल्या वस्तीत, नेऊन मोडण्यापेक्षा कमी मटेरियल हातात येतं. पण 'कमी' म्हणजे शून्य नाही. समजा बॅगेत एक धूड पडलंय, त्याच्या वजनाने पळता येत नाहीये आणि समोर ब्लूप्रिंट, म्हणजे एखादी वस्तू बनवायचा आराखडा, सापडलं, तर तिथे हिशोब करत बसायचं नाही, मोडायचं आणि ब्लूप्रिंट सेफ पॉकेटमध्ये टाकायचं, मेलात तरी तेवढं घरी येतं. एक मात्र आहे, फ्री लोडआउट, म्हणजे गेमने फुकट दिलेलं सामान, घेऊन गेला असाल तर त्यातल्या ऑगमेंटला, म्हणजे बॅगेत किती मावेल ते ठरवणाऱ्या साधनाला, सेफ पॉकेटच नसतं, तेव्हा चांगलं काही मिळालं की मोह आवरून परतीच्या लिफ्टकडे निघायचं. आणि जिवंत परत आलात तर ते फुकटचं ऑगमेंट फेकू नका, लान्स नावाच्या व्यापाऱ्याकडे देऊन बदल्यात दुसरं मिळतं. बऱ्याच जणांना हे माहीतच नसतं.

प्रश्न: माझा मुलगा अकरावीत आहे. परवा जेवताना मित्राला फोनवर सांगत होता की कोंबड्यासाठी तीन लिंबं आणि तीन जर्दाळू आणायचेत, आणि ते नेताना मेलो. मी घाबरले. हे काय प्रकरण आहे? — एक आई, रत्नागिरी

उत्तर: ताई, घाबरू नका, लिंबू-मिरचीतलं काही नाही हे. स्टॉकहोमच्या एम्बार्क स्टुडिओने ३० ऑक्टोबर २०२५ ला हा गेम आणला. गोष्ट भविष्यातल्या इटलीतली, वर यंत्रांचं राज्य आणि माणसं जमिनीखाली स्पेरान्झा नावाच्या वस्तीत. मुलं वर जाऊन सामान गोळा करतात, वर मेलं की आणलेलं जवळजवळ सगळं जातं, 'मेलो' ते एवढंच. स्क्रॅपी हा त्यांच्या घरचा पाळीव कोंबडा. पोरगा वर गेला की हा आपला इकडून तिकडून कापड, पत्रा, प्लास्टिक गोळा करून ठेवतो. त्याला शिकवून हुशार करायचं तर आधी कुत्र्याचा पट्टा लागतो, मग तुम्ही ऐकलीत ती लिंबं-जर्दाळू, नंतर ऑलिव्ह, निवडुंगाची बोंडं न् मांजराची गादी, आणि शेवटच्या लेव्हलला मश्रूम, पुन्हा जर्दाळू आणि तीन मऊ उश्या. कोंबड्याला उश्या कशाला ते मला विचारू नका.

तर सांगलीकरा, म्हणून म्हटलं पट्टा मोडू नको. थोडंसं कापड मिळेल आणि कोंबडा तसाच ढ राहील. आणि ताई, लिंबं नेताना परत मेला तर त्या दिवशी जेवताना विषय काढू नका.