येस बँक तेरा दिवसांत, पीएमसीला अठ्ठावीस महिने

आपला प्रश्न असा आहे की, खासगी येस बँकेला सरकारने जनतेच्या पैशाने वाचवले आणि सर्वसामान्यांच्या पीएमसी (पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी) बँकेला वाऱ्यावर सोडले, हा उघड पक्षपात नव्हे काय? या प्रश्नामागचा संताप मला पूर्णपणे मान्य आहे. मात्र त्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र आल्या आहेत. तोटा कोणाच्या माथी मारला गेला ही एक आणि ठेवीदाराला किती काळ ताटकळत ठेवले गेले ही दुसरी. माझ्या मते खरा अन्याय या दुसऱ्या बाबतीत झाला.

आधी येस बँकेचे पाहू. 5 मार्च 2020 रोजी तिच्यावर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले आणि खात्यातून जास्तीत जास्त पन्नास हजार रुपये काढण्याची मुभा राहिली. 18 मार्चला निर्बंध उठले. दरम्यान स्टेट बँकेने 6,050 कोटी रुपये घातले आणि आयसीआयसीआय, एचडीएफसी, अ‍ॅक्सिस, कोटक यांसारख्या खासगी बँकांनीही भांडवल दिले. सरकारी तिजोरीतून थेट रक्कम गेली नाही, हे सरकारचे म्हणणे तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. पण स्टेट बँकेची निम्म्याहून अधिक मालकी सरकारकडे असल्याने ती जोखीम अखेर जनतेचीच होती, हे आपले म्हणणेही तितकेच खरे आहे. दहा रुपयांना घेतलेल्या त्या शेअरपैकी काही स्टेट बँकेने 2025 साली एका जपानी बँकेला साडेएकवीस रुपयांना विकले. तरीही या नफ्यावरून मूळ निर्णय योग्य ठरवणे मला पटत नाही, कारण निर्णय घेताना तो नफा कोणालाच ठाऊक नव्हता.

तोटा मात्र ठेवीदारांवर आला नाही. शंभराहून अधिक शेअर असलेल्या भागधारकांचे पंचाहत्तर टक्के शेअर तीन वर्षांसाठी गोठवले गेले आणि सुमारे 8,400 कोटींचे ‘एटी-1’ रोखे, म्हणजे बँक संकटात आल्यास ज्यांची रक्कम रद्द करता येते असे रोखे, शून्यावर आणले गेले. भागधारक आणि असे रोखेधारक आधी, ठेवीदार सर्वांत शेवटी, हा क्रम तत्त्वतः योग्यच आहे. परंतु त्या रोख्यांत अनेक निवृत्त माणसांची आयुष्यभराची पुंजी होती आणि मुदत ठेवीसारखेच सुरक्षित म्हणून ते त्यांच्या गळ्यात मारले गेले होते. त्या विक्रीबद्दल भांडवल बाजाराची नियामक असलेल्या सेबीने बँकेला 25 कोटींचा दंड केला, तर जानेवारी 2023 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रोखे रद्द करण्याचा निर्णयच अवैध ठरवला. ते प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले.

आता पीएमसी. सप्टेंबर 2019 मध्ये निर्बंध आले तेव्हा ठेवीदाराला सहा महिन्यांसाठी अवघे एक हजार रुपये काढता येणार होते. ओरड झाल्यावर ही मर्यादा टप्प्याटप्प्याने वाढत जून 2020 मध्ये एक लाखावर गेली. एकूण कर्जाच्या सत्तर टक्क्यांहून अधिक कर्ज एकाच बांधकाम समूहाकडे अडकले होते आणि ते हजारो बनावट खात्यांआड दडवले गेल्याचे तपासात पुढे आले. असा खड्डा असलेली बँक विकत घ्यायला कोण पुढे येणार, हा प्रश्न होताच. पण त्याहून मोठी अडचण कायद्याची होती. बँकिंग नियमन कायद्याच्या ज्या कलम 45 खाली येस बँकेची पुनर्रचना झाली, ते कलम त्या वेळी सहकारी बँकांना लागूच नव्हते. सहकारी बँकेचे व्यवहार तपासायचे रिझर्व्ह बँकेने आणि तिच्या संस्थात्मक कारभारावर देखरेख ठेवायची सहकार निबंधकांनी, अशा दुहेरी नियंत्रणात नेमकी जबाबदारी कोणाचीच राहत नसे. 2020 मध्ये आधी अध्यादेशाने आणि मग कायद्याने ही त्रुटी दूर झाली, तोवर पीएमसीच्या ठेवीदारांची वर्षभराची होरपळ झाली होती.

पुण्याच्या रुपी बँकेच्या ठेवीदारांचे हाल तर याहून दीर्घ होते. 2013 मध्ये निर्बंध आले आणि 2022 मध्ये परवाना रद्द झाला, म्हणजे आपल्याच पैशाबद्दल साडेनऊ वर्षे अनिश्चितता. म्हणूनच ‘सरकारने बँक वाचवावी की बुडू द्यावी’ या वादात ठेवीदाराचा जीव टांगणीला लागतो हे मला अमानुष वाटते. ठेव विम्याची मर्यादा 1993 पासून एक लाखावर थिजली होती. ती फेब्रुवारी 2020 मध्ये पाच लाख झाली. निर्बंध आल्यापासून नव्वद दिवसांत विम्याची रक्कम देण्याची तरतूद 2021 मध्ये झाली. या दोन्ही सुधारणा पीएमसीच्या ठेवीदारांनी भर उन्हापावसात केलेल्या आंदोलनांशिवाय इतक्या लवकर झाल्या नसत्या, असे माझे ठाम मत आहे. फेब्रुवारी 2025 मध्ये मुंबईच्या न्यू इंडिया सहकारी बँकेवर निर्बंध आले आणि ऑगस्टमध्ये ती सारस्वत बँकेत विलीन झाली. सहा महिनेही लागले नाहीत.

पीएमसी जानेवारी 2022 मध्ये युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. पाच लाखांपर्यंतची रक्कम विम्यातून मिळाली. त्यावरची वैयक्तिक ठेव हप्त्याहप्त्याने, मोठ्या ठेवींच्या बाबतीत दहा वर्षांपर्यंत मिळणार आहे. संस्थात्मक ठेवीदारांचे हाल मात्र चर्चेत फारसे आलेच नाहीत. त्यांच्या विम्याबाहेरील ठेवींपैकी ऐंशी टक्के रकमेचे कायमस्वरूपी प्राधान्य समभागांत, म्हणजे मुद्दल परत करण्याची मुदतच नसलेल्या शेअरमध्ये, रूपांतर झाले आणि त्यांवरचा लाभांश ठरला वर्षाला एक टक्का. ‘संस्थात्मक’ म्हटले की बड्या कंपन्या डोळ्यांपुढे येतात, पण यांत गृहनिर्माण संस्था आणि पतसंस्थाही होत्या. दोनशे कुटुंबांनी इमारतीच्या दुरुस्तीसाठी साठवलेला निधी विम्याच्या दृष्टीने एकाच ठेवीदाराचा ठरतो आणि त्याला संरक्षण मिळते ते पाच लाखांचेच. येस बँक का वाचवली, यापेक्षा अशा संस्थांची विमामर्यादा सभासदसंख्येच्या प्रमाणात का नाही, हा प्रश्न आपण रिझर्व्ह बँकेला आणि आपल्या खासदारांना लेखी विचारावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.