लोड बेअरिंग भिंत काढायला खर्च किती? आधी आमच्या दादाच्या दाराची गोष्ट ऐका

जुन्या दुमजली घरातली हॉल आणि स्वयंपाकघरामधली लोड बेअरिंग, म्हणजे वरचा भार पेलणारी भिंत काढायला किती खर्च येईल, असं तुम्ही विचारलंय. एक मिस्त्री तीस हजारांत करून देतो म्हणतोय, असंही लिहिलंय. असला एक मिस्त्री आमच्याकडेही येऊन गेलाय.

आमचं घर कोल्हापुरात, शुक्रवार पेठेत. पुढं सोपा, मागं माजघर, मधे नऊ इंची विटांची भिंत. वर स्लॅब, आणि त्या भिंतीच्या बरोब्बर डोक्यावर वरच्या मजल्याची भिंत. 2022 ला पुतणीचं लग्न ठरलं आणि दादाला मोठ्या हॉलची हौस आली. मी म्हटलं, आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवू. तर दादा म्हणतो, "कागदावर चार रेघा मारायचे दहा हजार? मिस्त्रीला काय कळत न्हाई व्हय?" मिस्त्रीनं भिंतीवर थाप मारली, कान लावला आणि "काय होत न्हाई" म्हणाला. चार दिवसांत भिंत गेली. तिच्या जागी पाइपचे दोन खांब, तेही थेट फरशीवर टेकवलेले, वर आडवं एक लोखंडी चॅनेल.

नऊ इंची, दहा फूट उंच भिंतीचं वजन फुटामागं चारेकशे किलो भरतं. उघाडी अकरा फुटांची. म्हणजे नुसती वरची भिंतच चार-साडेचार टन, स्लॅबचा भार वेगळाच.

दोन महिन्यांत वरच्या खोलीचं दार लागेना. दादा म्हणाला, पावसानं फुगलं. रंधा मारला. परत लागेना, परत रंधा. दिवाळी गेली, थंडी पडली, तरी दार आपलं फुगलेलंच! मग म्हणे महापुराची ओल. अहो, 2021 ला पंचगंगेचं पाणी आमच्या जोत्याला लागलं होतं, माडीवर नव्हतं चढलं. शेवटी मीच लेव्हलची नळी धरली. चौकटीचा एक पाय तीन सूत, म्हणजे जवळपास एक सेंटिमीटर खाली, आणि कोपऱ्यातून विटांच्या सांध्यासांध्यानं पायऱ्यांसारखी वर गेलेली भेग. भेग अजून वाढतेय का ते कळावं म्हणून इंजिनिअरनं तिच्यावर काचपट्टी चिकटवली. आठव्या दिवशी ती तडकली.

मग खरं काम झालं. स्लॅब जॅकवर आणि टेकूंवर घेतला, फरशी फोडून दोन्ही खांबांना नीट पाया घातला, उद्यमनगरातून आयएसएमबी 250 चे, म्हणजे 250 मिलिमीटर उंचीचे दोन लोखंडी गर्डर कापून आणले. दोन्ही मिळून अडीचशे किलोच्या वर. गर्डर, प्लेटा, खांब, पाया, मजुरी, गिलावा, वायरिंग, फरशी, रंग आणि इंजिनिअरची फी धरून एक लाख नव्वद हजार. दादाचे आधीचे पंचावन्न हजार त्यात धरलेले नाहीत, ते दादानंही कधी धरले नाहीत.

तेव्हा तुमची दहा-अकरा फुटांची उघाडी आणि वर एक मजला असेल तर दीड ते अडीच लाख हाताशी ठेवा. तीस हजारांत भिंत पाडून मिळते, तिच्यावरचा भार कोण घेणार ते त्यात येत नाही. इंजिनिअरचे पैसे वाचवणाऱ्यानं भिंतीला हात लावू नये, मग तो थोरला भाऊ असला तरी.

तुमचं घर आरसीसी कॉलम-बीमचं असेल, म्हणजे भार काँक्रीटच्या खांब-तुळयांवर असेल, आणि भिंत नुसती आडोशाची असेल, तर हे सगळं सोडून द्या, काम थोडक्यात होईल. पण ते ठरवायचं इंजिनिअरनं. जाडीवरून किंवा थाप मारून ते कळत नाही. भिंत सिमेंटऐवजी मातीत बांधलेली असेल तर माझा आकडाही धरू नका, खर्च वाढेल. महापालिकेची परवानगीही बघा.

दादा अजून म्हणतो, दार पावसानंच फुगलं होतं. जॅकवर घेतल्यावर चौकट बरीचशी सरळ झाली, आणि त्यानं तीनदा रंधा मारलेल्या दाराला आता वरच्या कोपऱ्यात करंगळी जाईल एवढी फट आहे. भर जुलैतसुद्धा.