पेपरात आलं ते खिशात का येत नाही? वाचकांचे प्रश्न

यावेळी पत्रं भरपूर आलीत आणि बहुतेकांचा सूर एकच आहे, बातमी तर वाचली पण आमच्याकडे काहीच बदललं नाही, किंवा उलट, बातमी वाचून उगाच घाबरलो. एकसारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं कुणाचीच दिली नाहीत.

प्रश्न : सांगलीत माझं भडंगाचं दुकान आहे. आता दहा रुपयाचं पुडकं घेणारा पण फोनवरूनच पैसे देतो. शेजारचा म्हणतो बेंगळूरला तसल्या दुकानदारांना लाखालाखाच्या नोटिसा आल्या, तू पण स्कॅनर काढून टाक. काढू का? (भडंगवाले, सांगली)

अजिबात काढू नका. आधी बेंगळूरला काय झालं ते बघा. जुलै 2025 मध्ये कर्नाटकच्या कर खात्याने मागच्या काही वर्षांत खात्यावर यूपीआयने किती जमा झालं ते बघितलं आणि छोट्या दुकानदारांना नोटिसा काढल्या, मग लोकांनी घाबरून 'यूपीआय नाही, फक्त कॅश' असे बोर्ड लावले. त्यात दूधवाले भाजीवाले पण होते, ज्यांच्या मालावर मुळात करच नाही, त्यामुळे बोंबाबोंब झाली ती बरोबरच होती. पण नोटीस यूपीआय घेतलं म्हणून नव्हती, उलाढाल मर्यादेच्या वर दिसतेय आणि जीएसटी नोंदणी नाही म्हणून होती. कॅश घेतली असती तरी नियम तोच, फक्त दिसलं नसतं इतकंच.

नुसता माल विकणाऱ्याला ही मर्यादा वर्षाला 40 लाखांची आहे. वर्षात 300 दिवस दुकान उघडं धरलं तर रोजचा गल्ला 13 हजारांच्या आसपास. त्याच्या आत असाल तर निवांत रहा. मात्र दोन ठिकाणी आपल्याकडचे लोक हमखास अडकतात. एक म्हणजे दुकानाच्या कोपऱ्यात बाकडी टाकून भेळ द्यायला सुरुवात करतात, ते मग हॉटेलासारखं धरलं जातं आणि मर्यादा 40 वरून एकदम 20 लाखांवर येते. दुसरं म्हणजे कर्नाटकची हद्द. कागवाडचं गिऱ्हाईक तुमच्या दुकानात येऊन पुडकी घेऊन गेलं तर ती इथलीच विक्री, पण तुम्ही अथणीच्या दुकानदाराला पोती पाठवायला लागलात तर ती दुसऱ्या राज्यातली विक्री होते, आणि तिथं उलाढाल कितीही कमी असो नोंदणी लागतेच. मिरजेपासून हद्द इतकी जवळ आहे की आपण दुसऱ्या राज्यात माल पाठवतोय हे कुणाच्या डोक्यातच येत नाही.

मर्यादा ओलांडली तरी आभाळ कोसळत नाही. दीड कोटीपर्यंत कंपोझिशन योजना आहे, तिच्यात उलाढालीच्या 1 टक्का कर भरायचा, तीन महिन्यातून एकदा, आणि रिटर्न वर्षातून एकदा. 60 लाखांचा धंदा असेल तर वर्षाचे 60 हजार. पण हा कर गिऱ्हाईकाकडून वेगळा घेता येत नाही, खरेदीवर भरलेला परत मिळत नाही आणि दुसऱ्या राज्यात माल विकता येत नाही, म्हणजे अथणीचा विषय संपला. तेव्हा आधी ठरवा धंदा कुठं न्यायचाय. जाता जाता, 22 सप्टेंबर 2025 पासून पाकीटबंद नमकीनवरचा कर 12 वरून 5 टक्क्यांवर आलाय, ब्रँड करून पाकिटात विकायचा विचार असेल तर आता आधीइतकं जड जाणार नाही.

आणि एक काम मात्र या आठवड्यातच करा. दुकानाचा स्कॅनर घरच्या सेव्हिंग खात्याला जोडलेला असेल तर काढून वेगळ्या करंट खात्याला जोडा. साडूने परत केलेले उसने पैसे, भिशीचा नंबर लागला ते पैसे, पोराने पुण्याहून पाठवलेले, सगळं एकाच खात्यात पडतं आणि बाहेरून बघणाऱ्याला ती सगळी भडंगाची विक्रीच दिसते. राहिला इन्कम टॅक्स, तर तिथं यूपीआयचा उलट फायदाच आहे. छोट्या धंद्याच्या अंदाजित उत्पन्नाच्या योजनेत कॅशच्या विक्रीवर 8 टक्के नफा धरतात आणि बँकेतून आलेल्या विक्रीवर 6 टक्के. हे शेजारच्याला पण सांगा.

प्रश्न : शेतकऱ्याच्या बेदाण्यावर जीएसटी नाही अशी बातमी वाचली होती, मग व्यापारी 5 टक्के, 5 टक्के कशाला करतात? आणि यंदा माल कोल्ड स्टोरेजला ठेवावा का लगेच सौद्याला (लिलावाला) काढावा? (बेदाणा उत्पादक, तासगाव तालुका)

बातमी खरी आहे आणि व्यापारी पण खोटं बोलत नाही. डिसेंबर 2024 मध्ये जैसलमेरला जीएसटी कौन्सिलची 55 वी बैठक झाली, तिच्यात स्पष्ट केलं की शेतकऱ्याने स्वतःचा बेदाणा विकला तर त्यावर जीएसटी लागत नाही. पुढं व्यापारी तोच माल विकतो तेव्हा 5 टक्के लागतो, तो त्याच्या आणि त्याच्या गिऱ्हाईकाच्या मधला मामला. तुमच्या पट्टीतून, म्हणजे विक्रीच्या हिशोबाच्या कागदातून, तो कापला जायचं काही कारण नाही. म्हणून पट्टी हातात आली की खालची रक्कम बघून खिशात घालू नका, एकेक ओळ वाचा, बॉक्स किती, वजन किती, तूट किती धरली, हमाली, तोलाई, स्टोरेजचं भाडं, आणि 'इतर' नावाची ओळ असेल तर इतर म्हणजे काय ते तिथल्या तिथं विचारा. सौद्यात बेदाण्याची उधळण होते ती कुणाच्या वजनातून जाते हा प्रश्न तर तासगावात जुनाच आहे.

ठेवायचं का विकायचं, याचं उत्तर दराच्या बातमीत नसतं, तुमच्या कर्जात असतं. उदाहरणाला किलोला 200 रुपये दर धरा आणि 9 टक्क्यांचं कर्ज डोक्यावर. सहा महिने माल ठेवला तर किलोमागं 9 रुपये नुसतं व्याज झालं, त्यावर भाडं, त्यावर वजनात येणारी घट. दर 210 झाला म्हणून गावात पेढे वाटायचे आणि हिशोबात हातात काहीच नाही, असं होतं. कर्ज नसेल, माल हिरवा आणि एकसारखा असेल तर थांबायला हरकत नाही. काळपट माल मात्र काढून टाकावा, तो ठेवून कुणाचं भलं झालेलं मी तरी बघितलं नाही.

मालावर उचल हवी असेल तर इलेक्ट्रॉनिक गोदाम पावतीची चौकशी करा. ही पावती डब्ल्यूडीआरए या सरकारी प्राधिकरणाकडे नोंदणी असलेल्या गोदामातूनच निघते, तिच्यावर बँका तारण कर्ज देतात, आणि डिसेंबर 2024 मध्ये केंद्राने या कर्जांसाठी 1,000 कोटींची हमी योजनाही आणली. पण प्रत्येक कोल्ड स्टोरेजची ही नोंदणी असतेच असं नाही. तेव्हा बॉक्स आत जायच्या आधी विचारा, आत गेल्यावर विचारून काय उपयोग.

प्रश्न : रिझर्व्ह बँकेने व्याजदर कमी केला असं टीव्हीवर वर्षभर ऐकतेय. माझा घराचा हप्ता आहे तेवढाच आहे. (शिक्षिका, विश्रामबाग)

ताई, रेपो, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते तो दर, 2025 मध्ये चार वेळा कमी झाला, फेब्रुवारी, एप्रिल, जून आणि डिसेंबर, आणि 6.5 वरून 5.25 टक्क्यांवर आला. सव्वा टक्का म्हणजे किती बघा, 25 लाखांचं कर्ज, 20 वर्षांची मुदत, व्याज साडेआठवरून सव्वासात झालं तर हप्ता साधारण 21,700 वरून 19,760 वर येतो. महिन्याला 1,900 रुपयांच्या वर, थोडे नाहीत.

पण तुमचा मंजुरीचा कागद काढा आणि व्याज कशाला जोडलंय ते वाचा. ऑक्टोबर 2019 नंतर व्यापारी बँकेने दिलेलं बदलत्या व्याजाचं घरकर्ज असेल तर ते रेपोसारख्या बाहेरच्या दराला जोडलेलं असणार आणि तीन महिन्यातून एकदा तरी बदलणारच. त्याआधीचं असेल तर बँकेच्या स्वतःच्या दराला जोडलेलं असेल, तो हळूहळू हलतो, अर्ज करून आणि थोडी फी भरून नवीन पद्धतीत जाता येतं. सहकारी बँक किंवा हाउसिंग फायनान्स कंपनीचं कर्ज असेल तर त्यांच्यावर रेपोला जोडायची सक्ती नाही, तिथं दर त्यांचं मंडळ ठरवतं. आपल्या जिल्ह्यात सहकारी बँकांची कर्जं किती आहेत ते बघता ही तक्रार इथं जास्त येणारच.

अजून एक शक्यता आहे, व्याज कमी झालंय पण बँकेने हप्ता तोच ठेवून मुदत कमी केलीय. यात तुमचं नुकसान नाही, उलट एकूण व्याज कमी जातं. स्टेटमेंटवर 'उरलेले हप्ते' हा आकडा मागच्या वर्षीच्या स्टेटमेंटशी ताडून बघा. आणि दुसरीकडे कर्ज न्यायचं झालं तर बदलत्या व्याजाच्या घरकर्जावर मुदतीआधी फेडल्याचा दंड घेता येत नाही, काउंटरवरचा माणूस काहीही म्हणो. प्रोसेसिंग फी आणि वकिलाचा खर्च मात्र धरून चाला.

प्रश्न : भाचा ऑप्शन ट्रेडिंग करतो, महिन्याला पगाराएवढे सुटतात म्हणतो. मी पण शिकू का? (कुपवाड)

शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने जुलै 2025 मध्ये आकडे दिले, 2024-25 या वर्षात बाजारातल्या अशा वायदा-ऑप्शनच्या व्यवहारात उतरलेल्या साध्या लोकांपैकी 91 टक्के तोट्यात गेले, सगळ्यांचा मिळून तोटा एक लाख कोटींच्या वर. भाच्याला स्क्रीनशॉट मागू नका, ब्रोकरचं वर्षभराचं प्रॉफिट-लॉस स्टेटमेंट मागा.

प्रश्न : आमच्या घरात गलाईचा (सोनं-चांदी आटवायचा) धंदा, भाऊ तमिळनाडूत असतो. सोन्याचा दर तर कुठल्या कुठं गेला. आता सोन्यावर 85 टक्के कर्ज मिळणार म्हणतात, खरं का? आणि मुलगा ॲपवर दहा-दहा रुपयांचं सोनं घेतोय, ते बरं आहे का? (विटा)

विट्या-खानापूर-आटपाडीच्या घराला सोन्याची शुद्धता मी काय सांगणार, देशभर कुठल्याही सराफ पेठेत जा, आटणी करणारा माणूस आपल्या भागातलाच निघतो. पण सोनं ओळखणं वेगळं आणि कर्जाचा कागद ओळखणं वेगळं.

85 टक्के खरं आहे, पण सगळ्यांना नाही. रिझर्व्ह बँकेने जून 2025 मध्ये नवे नियम काढले, ते पाळायला 1 एप्रिल 2026 ची मुदत दिली. अडीच लाखांपर्यंतच्या कर्जाला सोन्याच्या किमतीच्या 85 टक्क्यांपर्यंत, अडीच ते पाच लाखांना 80 पर्यंत, त्याच्या वर 75. आता यातली मेख बघा. मुदत संपताना मुद्दल-व्याज एकदम भरायचं कर्ज असेल तर ही टक्केवारी व्याजासकट होणाऱ्या रकमेवर मोजतात. म्हणजे लाखाच्या सोन्यावर 85 हजार हातात पडणार नाहीत, वर्षाचं व्याज वजा जाऊन जे उरेल तेवढंच पडेल. किंमत पण त्या दिवशीच्या चढ्या दराने धरत नाहीत, मागच्या 30 दिवसांची सरासरी आणि आदल्या दिवसाचा बंद दर यातला कमी असेल तो. खडे, मोती सगळं वजा. आणि लगड, बिस्किट असलं काही नेऊ नका, कर्ज दागिन्यांवर आणि बँकांनी विकलेल्या ठराविक नाण्यांवरच मिळतं, दागिने पण माणसामागं एक किलोपर्यंत. गलाईवाल्यांच्या घरात लगडच जास्त असते म्हणून मुद्दाम लिहिलं.

नियमांत एक गोष्ट मात्र फार चांगली झाली. पारख तुमच्या समोर करायची आणि तिचा दाखला द्यायचा. तो दाखला जपून ठेवा, वजन किती, कॅरेट किती, कुठल्या दागिन्याला आधीच टाका होता, सगळं त्यात असतं. कर्ज फिटल्यावर जास्तीत जास्त सात कामाच्या दिवसांत दागिने परत द्यायचे, त्यांच्याकडून उशीर झाला तर दिवसाला 5,000 रुपये त्यांनी तुम्हाला द्यायचे. 'साहेब रजेवर आहेत, पुढच्या सोमवारी या' ऐकून परत फिरायचे दिवस गेले, निदान कागदावर तरी.

मुलाचं म्हणाल तर त्याला थांबवा. सेबीने 8 नोव्हेंबर 2025 ला जाहीर सांगितलंय की हे ॲपवरचं डिजिटल गोल्ड आमच्या देखरेखीखाली येत नाही, म्हणजे उद्या कंपनीने हात वर केले तर गुंतवणूकदाराला असतं ते संरक्षण त्याला नाही. वर घेताना 3 टक्के जीएसटी जातो आणि विकायचा दर घ्यायच्या दरापेक्षा कमी असतो, म्हणजे घेतल्या घेतल्याच तोटा. थोडं थोडंच घ्यायचं असेल तर डिमॅट खातं काढून गोल्ड ईटीएफ, म्हणजे शेअर बाजारात घेता-विकता येणारे सोन्याच्या फंडाचे युनिट, घे म्हणावं, ते सेबीच्या नियमात आहे. सरकारी सुवर्ण रोख्यांचं बरेच जण विचारतात, त्यांची नवीन विक्री फेब्रुवारी 2024 नंतर झालेली नाही.

प्रश्न : बारामतीला एआयवर ऊस करतात, टनेज वाढतं म्हणतात. आपण दोन एकरवाल्यांनी यात पडावं का? (पलूस तालुका)

बारामतीच्या कृषी विकास ट्रस्टचा प्रयोग खरा आहे, मायक्रोसॉफ्टचं तंत्रज्ञान त्यात आहे आणि सत्या नाडेलांनी स्वतः त्याचा उल्लेख केल्यावर सगळ्या चॅनेलनी तो उचलला. जमिनीतले सेन्सर ओल सांगतात, हवामान केंद्र पाऊस-वारा सांगतं, उपग्रहाच्या फोटोवरून पीक कुठं पिवळं पडतंय ते दिसतं, आणि हे सगळं जुळवून फोनवर मेसेज येतो की आज इतकं पाणी द्या, इतकं खत सोडा.

आता आपल्याकडचं बोलू. फोन म्हणाला मंगळवारी पाणी द्या आणि तुमची पाणी योजनेची पाळी शनिवारी, वर लाईट रात्रीची, मग मेसेज घेऊन काय करणार? ज्याची स्वतःची विहीर आणि ठिबक आहे त्यालाच त्या मेसेजचा उपयोग. पाटपाण्यावर सरी भिजवणाऱ्याने आधी ठिबकचं बघावं, सेन्सर नंतर.

दुसरा मुद्दा पैशाचा. 2025-26 च्या हंगामाची एफआरपी, म्हणजे कारखान्याने उसाला द्यायचाच तो किमान दर, 10.25 टक्के उताऱ्याला (उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाला) क्विंटलला 355 रुपये, पण उतारा मोजतात तो अख्ख्या कारखान्याचा, तुमच्या शेताचा नाही. एआय वापरून तुमच्या उसात साखर वाढली तरी दर शेजाऱ्याला मिळतो तोच तुम्हाला, त्यातून तोडणी-वाहतूक वजा. म्हणजे तुम्हाला मिळणार ते फक्त वाढलेल्या वजनातून आणि वाचलेल्या खतातून. साखर वाढल्याचा फायदा कारखान्याला होतो तर सेन्सरचा खर्च पण कारखान्याने उचलावा, निदान निम्मा, हे मी तरी म्हणणार. तुमच्या कारखान्याच्या शेती ऑफिसात जाऊन विचारा, गटाने घेतलं तर अनुदान किती देणार. ठाम आकडा सांगितला तर दोन एकरांतलं अर्धा एकर लावून बघा, बाकीचं नेहमीच्या पद्धतीने करा, आणि तोडणीला दोन्हीचा काटा वेगवेगळा करून घ्या. त्याची पावती आमच्याकडे पाठवली तर पुढच्या अंकात छापू.