बँकॉकला चार दिवस एकटीनं, फक्त खाण्यासाठी जायचं आहे. आखणी कशी करू?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा : तुम्ही सांगलीच्या, बँकेत नोकरी, शुक्रवार ते सोमवार रजा जुळतेय. देवळं आणि मॉल नकोत, फक्त खायचंय. गोमांस नाही, सोमवारी मांसाहारच नाही, आणि डुकराचं अजून ठरलेलं नाही. सोबत सत्तावीस ठिकाणांची यादी जोडलीय आणि विचारलंय, यातलं काय गाळू?

मी साताऱ्याची. बँकॉकला एकटी जाऊन खाऊन आलेय, पुन्हा जाईनही. माझं म्हणणं एवढंच की यादीतून ठिकाणं गाळत बसू नका. यादीशेजारी दोन रकाने काढा, एकात वार आणि दुसऱ्यात वेळ. बँकॉकमध्ये चांगलं खायला कुठे मिळतं हे मोबाइलवर पंधरा मिनिटांत कळतं. पण सकाळची पेज दुपारी मागायला गेलात तर आठवडी बाजाराच्या गावात भलत्याच वारी जाऊन उभं राहिल्यासारखं होतं. रकाने भरलेत की निम्मी यादी आपोआप गळेल.

पहिली गोष्ट सोमवारची. बँकॉकमध्ये सोमवार हा फुटपाथ साफ करायचा दिवस, त्यामुळे रस्त्यावरच्या पुष्कळ गाड्या त्या दिवशी लागत नाहीत. याओवारातवर, म्हणजे तिथल्या चायनाटाऊनच्या मुख्य रस्त्यावर, हे ठळक जाणवतं. अनेक जण हौसेनं शेवटची रात्र याओवारातसाठी राखून ठेवतात आणि ती नेमकी सोमवारी येते. तुमचा शाकाहाराचा वार आणि त्यांचा सुट्टीचा वार एकच निघाला, हे बरंच झालं.

दुसरी गोष्ट घड्याळाची. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे आहे. तिथे सकाळचे सहा वाजतात तेव्हा तुमच्या पोटात साडेचारच वाजलेले असतात. म्हणून पहिल्याच दिवशी पहाटे उठून बाजार गाठायचे बेत करू नका. उलट रात्रीचे साडेनऊ म्हणजे पोटाचे आठ, आपली जेवायची वेळ. तेव्हा याओवारात ऐन भरात असतो.

प्रवासाचं चटकन सांगते. गुरुवारचीही रजा टाका, सकाळी कोयना एक्स्प्रेस पकडा, रात्रीपर्यंत मुंबई. गाडी थोडी रखडली तरी मध्यरात्रीनंतरच्या विमानाला वेळ उरतो. जाण्याआधीच्या तीन दिवसांत थायलंडचं डिजिटल आगमन कार्ड ऑनलाइन भरायचं. १ मे २०२५ पासून ते सक्तीचं आहे आणि फुकट आहे. पैसे मागणारी साइट दिसली तर ती सरकारी नाही. व्हिसाचा नियम मात्र तिकीट काढायच्या आधी थाई दूतावासाच्या साइटवरच बघा, ओळखीच्या एजंटच्या तोंडी माहितीवर जाऊ नका. सुवर्णभूमी विमानतळावर नोटा बदलायच्या तर तळमजल्याखाली, रेल्वेकडे जाताना जी काउंटर लागतात तिथे बदला, वर भाव कमी मिळतो. एटीएममधून काढलेत तर तिथली बँक दर वेळी २२० बाटच्या आसपास कापते, तेव्हा थोडे थोडे काढू नका. बाट अडीच-तीन रुपयांच्या मध्ये धरा. रस्त्यावरची साधी प्लेट पन्नास ते ऐंशी बाट. दिवसाला सातशे बाट खाण्याला ठेवलेत तर हात आखडायची वेळ येत नाही.

राहायला वाट मंकोन किंवा साम योत या मेट्रो स्टेशनांच्या आसपास खोली घ्या. ही ब्लू लाइन, तिथे काँटॅक्टलेस व्हिसा किंवा मास्टरकार्ड थेट गेटवर टेकवलं की झालं. विमानतळाच्या रेल्वेनं मक्कासानला उतरून फेचबुरी स्टेशनवरून हीच लाइन मिळते. वरून धावणारी बीटीएस वेगळी, तिचं तिकीट वेगळं.

आता डुकराचं. हा निर्णय सांगलीतच घ्या, तिथे गाडीसमोर उभं राहून नको. नाही म्हणालात तर निम्मं शहर बंद होतं, कारण भाजीच्या सुपातही बऱ्याचदा डुकराच्या हाडांचं पाणी असतं. मी खाते, त्यामुळे माझी सोय झाली. तुम्हाला नको असेल तर हलालची पाटी असलेली दुकानं शोधा. पण तिथे गोमांस असतं, म्हणजे नजर ठेवायला लागणारच. काई कोंबडी, मू डुक्कर, नुआ गोमांस, कुंग कोळंबी, पेत बदक, एवढे शब्द मोबाइलवर थाई लिपीत उतरवून घ्या आणि सरळ दाखवा. आपल्या उच्चारांवर विसंबू नका, चढउतार चुकला की भलताच अर्थ होतो.

शुक्रवारी दुपारी खोलीवर बॅग टाका आणि रात्चावोंगच्या धक्क्यावरून नारिंगी झेंड्याची बोट पकडा. कुठेही उतरा, १६ बाट. वांग लांगला उतरायचं. समोरच सिरिराज हे मोठं हॉस्पिटल आहे आणि त्याला लागून गल्ल्यांचा बाजार. कामाच्या दिवशी दुपारी नर्सेस आणि शिकाऊ डॉक्टर तिथेच जेवतात, त्यामुळे माल ताजा आणि भाव माफक. खाव केंगचं दुकान बघा, म्हणजे भात आणि पातेल्यांत मांडलेल्या करी. बोट दाखवून भातावर दोन प्रकार घालून घ्यायचे. एकट्या माणसासाठी याहून सोयीचं जेवण नाही, एका ताटात दोन चवी होतात. पार्सलवाल्यांकडे जरा बघत राहा. बाई प्लास्टिकच्या पिशवीत करी ओतते, पिशवीला हवेसकट एक गिरकी देते आणि रबरबँड अशी मारते की पिशवी फुग्यासारखी टम्म राहते आणि थेंब गळत नाही. मग परत येऊन झोपा. खरंच झोपा.

रात्री साडेनऊला याओवारात. इथे एकटेपणा फायद्याचा. चार जणांचं टोळकं टेबलासाठी ताटकळतं आणि तुम्हाला कुणाच्या तरी शेजारच्या स्टुलावर लगेच बसवतात. एकटी बाई जेवतेय म्हणून कुणी वळून बघत नाही. (आमच्या साताऱ्यात राजवाड्यावर मी एकटीनं भेळ खाल्ली तर घरी पोचायच्या आत सासूबाईंना कळलेलं असतं.) इथे पहिला मान कुवाय जापला द्या. तांदळाचे रुंद नूडल्स, शिजताना त्यांच्या सुरळ्या होतात. वर पांढऱ्या मिऱ्याचा असा काही झणका असलेला रस्सा की दुसऱ्या चमच्याला नाक वाहतं. सोबत कुरकुरीत तळलेलं डुक्कर. आतडी-काळीज नको असेल तर आधीच सांगा. टेबलावर मिरचीपूड, साखर, मिरची घातलेलं व्हिनेगर आणि माशाचा सॉस अशा चार बरण्या असतात. आधी रस्सा चाखायचा, मग त्यातलं हवं ते घालायचं, आणि नूडल्सवर साखर बघून नाक मुरडायचं नाही. पोट भरायच्या आत तिथून उठा आणि पुढच्या गाडीकडे चला.

हेच सगळ्यात अवघड. ताटात टाकू नये हे आपल्या हाडामांसात भिनलेलं आहे, आणि पोट एकच. प्लेट संपवायची सवय घेऊन गेलात तर रात्रीत दोन पदार्थ होतील. लहान प्लेट मागा, ‘पिसेत’ म्हणू नका, त्याचा अर्थ मोठी प्लेट. टाकायला जीव होत नसेल तर जिथे मुळातच थोडं मिळतं तिथे जा.

म्हणून शनिवारी दुपारी बोट नूडल्स. व्हिक्टरी मॉन्युमेंट स्टेशनजवळ कालव्याच्या काठी ओळीनं दुकानं आहेत, वाट्या चार-पाच घासांच्या, आणि लोक रिकाम्या वाट्यांची चळत लावतात. पूर्वी हे कालव्यातल्या होड्यांवर विकलं जायचं, तिथून वाट्या लहान राहिल्या. रस्सा काळपट दाट असतो, कारण त्यात रक्त घालतात. ऐकून कसंसं झालं तर आत्ताच यादीतून काढा. चाललं तर ‘मू’चंच मागा, कारण गाईचंही असतं. त्याच सकाळी बांग रकला जोक, म्हणजे तांदळाची घोटीव पेज, तिला किंचित करपट वास, आत मांसाचे गोळे, अर्धकच्चं अंडं, वर आल्याची कात्रण. तिथला चारोएन क्रुंग रस्ता १८६० च्या दशकातला. पोट जड वाटत असेल तर त्यावरून पायी फिरा.

रविवार मोकळा ठेवा. चार दिवसांत एखादी संध्याकाळ पोटाला नको होते, तिच्यासाठी. जमलं तर कोंबडी-भात, खाव मान काई खा आणि एक सोम तम. कच्च्या पपईची ही कोशिंबीर मातीच्या खलात कुटतात. एका हातात लाकडी दांडा, दुसऱ्यात चमचा, कुटणं आणि उलटणं एकदमच. बाई मिरच्या किती विचारेल तेव्हा एक बोट दाखवा. ठेच्यावर वाढलेलो आपण, ही फुशारकी तिथे टिकत नाही. आपली मिरची बहुतेकदा तवा नाही तर तेल बघून येते, तिथली कच्चीच ठेचली जाते. ‘तम थाई’ मागा, त्यात शेंगदाणे असतात. खारवून आंबवलेल्या माशाचं ‘प्ला रा’ पहिल्याच दिवशी झेपत नाही.

तुमच्या यादीतलं ‘जे फाई’ या दुकानाचं खेकड्याचं ऑम्लेट मी काढीन. डिसेंबर २०१७ मध्ये मिशेलिनचा तारा मिळाला तेव्हापासून तिथे रांगच रांग, आणि एका ऑम्लेटचे हजार बाटच्या पुढे. तुम्हाला चारच दिवस आहेत, त्यातली एक सकाळ एका ऑम्लेटसाठी? पॅड थाई, म्हणजे परतलेले नूडल्स, त्याच महाचाई रस्त्यावर खाता येतील, पण तेही नाही खाल्लं तरी काही अडत नाही.

सोमवारी ‘जे’, म्हणजे तिथलं कडक शाकाहारी. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरं, इंग्रजी आकड्यांतल्या सतरासारखी दिसतात. ती असली की मांस, मासे, अंडं नाहीच, माशाचा सॉसही नाही, कांदा-लसूणही नाही. नुसतं ‘व्हेज’ म्हणालात तर भाजीत माशाचा सॉस येऊ शकतो, त्यांच्या लेखी ते मांस नव्हे. वाट मंकोन या चिनी देवळाच्या आसपास जेची दुकानं बघा. सोया-पिठाचं बदक इतकं हुबेहूब असतं की घास हातात थांबतो. पाटी बघितली असेल तर निर्धास्त खा. मग मेट्रोनं काम्फेंग फेत स्टेशन, ओर तोर कोर बाजार. महाग आहे, स्वच्छ आहे, आणि फळं बघत राहावीत अशी. नाम दोक माई आंबा, नारळाच्या दुधातला चिकट भात, दुधाला मीठ लावलेलं. उपवासाचं नाही म्हणता येणार, पण सोमवारचं नक्की. दुरियन घ्यायचं असेल तर तिथेच उभं राहून खा. खोलीवर नेलंत तर हॉटेलवाले दंड लावतात, तशा पाट्याच असतात.

तारखा हातात असतील तर १३ ते १५ एप्रिल टाळा. तेव्हा सोंगक्रान, म्हणजे थाई नववर्षाचा सण असतो, अनेक गाडीवाले गावाला जातात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा बरी.

करी पेस्ट आणायची असेल तर चेक-इन बॅगेत टाका. हातातल्या बॅगेत १०० मिलिलीटरपेक्षा मोठी डबी काढून घेतात. आणि घरी कुणी शाकाहारी असेल तर पेस्टही जेची पाटी बघूनच घ्या. साध्या हिरव्या-लाल पेस्टमध्ये बहुतेकदा आंबवलेल्या कोळंबीचं वाटण असतं.