एसीच्या डक्टमधल्या डॅम्परच्या (हवा अडवणाऱ्या-सोडणाऱ्या झडपेच्या) मोटरचा आवाज येतो, पण केबिनमध्ये गार हवा येत नाही. मोटर बदलू का?

लगेच बदलू नका. आवाज येतोय म्हणजे बहुधा क्लॅम्प (मोटरला शाफ्टशी जोडणारी पकड) सैल होऊन मोटर शाफ्टवर, म्हणजे डॅम्परचं पातं फिरवणाऱ्या दांड्यावर, नुसतीच फिरतेय. शाफ्टच्या टोकाला बहुतेक वेळा खाच असते, ती पात्याची दिशा दाखवते. थर्मोस्टॅट कमी करा आणि खाचेकडे बघत राहा. पातं पूर्ण 90 अंश फिरायला दीड-दोन मिनिटं लागू शकतात, घाई नको. खाच हललीच नाही तर मोटरचा वीजपुरवठा बंद करून मोटरवरचं बटण दाबा (क्लच, म्हणजे मोटरची आतली पकड, सुटते) आणि पातं हाताने फिरवा. सहज फिरलं तर पातं आणि मोटर दोन्ही बंद स्थितीत आणून क्लॅम्प घट्ट आवळा. अडकलं तर आधी बुशिंगमधली (शाफ्ट ज्यात फिरतो त्या कड्यातली) धूळ, गंज साफ करा, नाहीतर नवी मोटरही जाईल.