जुन्या स्कोपमधला उजेड विझत चाललाय, काय करू?

प्रश्न : नमस्कार सर, मी मूळचा सांगलीचा, सध्या ओहायोत असतो. इथे रेंजवर टार्गेट शूटिंगला जातो. मागे एकाकडून ट्रिजिकॉन कंपनीचा एकॉग स्कोप (नेम धरायला रायफलवर बसवतात ती दुर्बीण) घेतला, 20 वर्षांचा तरी जुना असेल. दिवसा नेम धरायची आतली खूण लालभडक दिसते पण अंधारात आता डोळे ताणून बघावं लागतं. बॅटरी नाहीच त्यात. आत रेडियम आहे हे ऐकल्यापासून बायको म्हणते ही वस्तू घरात नको, मुलगी 4 वर्षांची आहे. मित्राने गायगर काउंटर (किरणोत्सर्ग मोजायचं यंत्र) लावून बघितला तर काहीच आलं नाही. दुसरा एक जण म्हणतो आत चमकणारी बारीक नळी ऑनलाइन मिळते, उघडून बदलून टाक. करू का?

उत्तर : नका उघडू, हात जोडून सांगतो, बाकीचं नंतर वाचा.

आधी वहिनींची भीती. आपल्याकडे अंधारात चमकलं की ते रेडियमच, गाडीवरच्या स्टिकरलासुद्धा आपण रेडियम म्हणतो आणि त्यात रेडियमचा कणही नसतो. तुमच्या स्कोपमध्ये आहे तो ट्रिटियम, म्हणजे हायड्रोजनचाच जड भाऊ, एक प्रोटॉन दोन न्यूट्रॉन. हा वायू काचेच्या सीलबंद नळीत भरलेला असतो, नळीला आतून चमकणाऱ्या पावडरचा थर असतो, ट्रिटियममधून बीटा कण निघतात आणि त्या थरावर आदळले की उजेड पडतो. हे कण इतके कमजोर की हवेत जेमतेम 6 मिलिमीटर जातात, काच सोडाच, आपल्या कातडीचा वरचा मेलेला थरसुद्धा त्यांना ओलांडता येत नाही. म्हणून तर मित्राचा काउंटर गप्प बसला, कण त्याच्यापर्यंत पोचलेच नाहीत! त्यामुळे काउंटर गप्प आहे म्हणजे नळी शाबूत आहे असं मात्र समजू नका, फुटली तरी तो बहुधा गप्पच बसेल.

उजेड कमी होणं हा बिघाड नाही. ट्रिटियमची हाफ लाइफ (निम्मा उरायला लागणारा काळ) 12.3 वर्षं, म्हणजे 20 वर्षांनी त्यातला साधारण एक तृतीयांशच उरतो, बाकीच्याचा हेलियम होऊन जातो, शिवाय ती पावडरही थकते. दिवसा लाल दिसतं ते वरच्या फायबरमुळे, तो बाहेरचा उजेड गोळा करून आत सोडतो, ट्रिटियमचा त्यात फारसा वाटा नाही. तुम्ही फक्त दिवसा रेंजवर जात असाल तर माझ्या मते बदलायची घाईच नाही.

नळी बदलायचीच असेल तर थेट कंपनीला विचारा, मॉडेल आणि सिरियल नंबर कळवा, खर्च आणि पाठवायची पद्धत आधी लेखी घ्या, मग रायफलवरून काढून नुसता स्कोप पाठवा. अमेरिकेत असा स्कोप बाळगायला तुम्हाला वेगळं लायसन्स लागत नाही, पण ती सूट तयार वस्तू वापरणाऱ्याला आहे, वस्तूत ट्रिटियम बसवणाऱ्याला लायसन्स लागतं. आणि स्कोपच्या आत कोरडा नायट्रोजन भरलेला असतो, एकदा उघडला की ओल शिरते आणि काचा आतून धुरकटतात, म्हणजे नळी बदलायला गेलात आणि स्कोपच घालवलात.

खरा धोका नळी फुटण्यात आहे. नुसता वायू श्वासात गेला तर शरीर तो फारसा धरून ठेवत नाही, पण ट्रिटियमचं पाणी झालं की ते हजारो पटींनी जास्त घातक, श्वासातून, पोटातून, कातडीतूनही आत जातं. स्कोप जोरात आपटून फुटला तर मुलीला आधी बाहेर न्या, खिडक्या उघडा, सगळे खोलीबाहेर थांबा. नंतर ग्लोव्हज घालून तुकडे दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत एकात एक बांधा, व्हॅक्यूम फिरवू नका, हात साबणाने धुवा आणि कंपनीला फोन करा. पोटात गेल्याची शंका असेल तर डॉक्टरांना ट्रिटियम हा शब्द नक्की सांगा. कचऱ्याच्या डब्यात विझलेला स्कोपही टाकायचा नाही, तोही कंपनीकडेच परत.

आणि सुट्टीत भारतात येताना दाखवायला म्हणून बॅगेत टाकू नका, अमेरिकेतून रायफल स्कोप बाहेर न्यायला निर्बंध आहेत.

प्रश्न : माझ्या जुन्या घड्याळावर टी 25 लिहिलंय, उशाशी ठेवलं तर चालेल का? (पुणे)

उत्तर : चालेल. टी म्हणजे ट्रिटियम, 25 म्हणजे जास्तीत जास्त 25 मिलिक्युरी (किरणोत्सर्गाचं माप). फक्त काच तडकली असेल तर घरी उघडू नका, आणि दुरुस्तीला देताना घड्याळजीला ट्रिटियम आहे हे तोंडाने सांगा, कारण जुन्या घड्याळात तो बऱ्याचदा नळीत नसून रंगात मिसळलेला असतो आणि तो रंग खरवडला की धूळ उडते.