सुरुवातीच्या मिशनऱ्यांसारखी श्रद्धा आज कामधंदा न सोडता जगता येते का?

1321 साली ठाण्यात मारल्या गेलेल्या चार फ्रान्सिस्कन (एका कॅथलिक संघाच्या) साधूंबद्दल वाचल्यापासून आपली श्रद्धा तुम्हाला कच्ची वाटते आणि नोकरी सोडून सेवेत उतरावं का, असं तुम्ही विचारलंय. नोकरीचं मी सांगणार नाही, तुमच्या घराचे हप्ते मला ठाऊक नाहीत. पण मिशनरी म्हटलं की लोकांना मेलेलेच का आठवतात?

त्या चौघांबरोबर जॉर्डेनस नावाचा डॉमिनिकन, म्हणजे दुसऱ्या एका कॅथलिक संघाचा, साधू होता. त्या दिवसांत तो दुसऱ्या गावी होता म्हणून वाचला. त्याने त्यांचे देह सोपाऱ्याला पुरले आणि पुढेही याच किनाऱ्यावर राबला. 1329 मध्ये पोपने त्याला केरळातल्या कोल्लमचा बिशप नेमलं. शिवाय ते चौघे ठाण्यात उतरले होते एका नेस्तोरियन, म्हणजे पूर्वेकडच्या जुन्या पंथाच्या, ख्रिस्ती कुटुंबाकडे. म्हणजे हे साधू यायच्या आधीच ठाण्यात ख्रिस्ती लोक संसार करत होते. त्यांचं नाव कोण घेतं?

माझा कळव्यात मांडवाचा धंदा आहे, वडिलांपासूनचा. लग्नं, बारशी, चौदा एप्रिल, आणि वर्षाची खरी कमाई गणपती-नवरात्रात. माझे साडू ऐरोलीला स्वतःची मंडळी, म्हणजे चर्च, चालवतात. ते आमच्याकडे प्रार्थनेला आले होते, ते नेमके गणपतीच्या तोंडावर. बाहेर धो धो पाऊस. अर्ध्या प्रार्थनेत मंडळाच्या अध्यक्षांचा फोन: ताडपत्रीला पाण्याचं पोट सुटलंय, खाली मूर्ती आलीय, पोरं उभी आहेत. मी उठलो. साडू डोळे मिटूनच म्हणाले, “प्रभूच्या घरातून उठून मूर्तीच्या मांडवाला चाललात?” सगळ्यांसमोर. बायको मान खाली घालून बसली. मी गेलो, बांबूने पाणी उचलून काढलं, दोन पाइप जास्तीचे लावले, भिजलेली झालर उतरवली. पोरांनी चहा पाजला. घरी आलो तेव्हा जेवणं आटोपली होती आणि साडू माझ्यासाठी मोठ्याने प्रार्थना करत होते, मी हरवलेलं मेंढरू असल्यासारखी.

आता बायबलमधल्या प्रेषित पौलाचं बघा. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाचा अध्याय 18. करिंथात तो अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला यांच्या घरी राहिला, कारण तिघांचा धंदा एकच, राहुट्या करायचा. क्लौद्य बादशहाने यहुद्यांना रोमबाहेर काढलं म्हणून ते जोडपं तिथे आलेलं. पौल दीड वर्ष तिथे होता. करिंथजवळच पोसायडन देवाच्या नावाने दर दोन वर्षांनी खेळांची जत्रा भरायची. राहुटी मागायला आलेल्या गिऱ्हाइकाला त्याने आधी तुझा देव कोणता असं विचारलं असेल? मला नाही वाटत. त्याच करिंथकरांना तो लिहितो की बाजारात विकलं जाणारं मांस काही न विचारता खा.

साडू लगेच त्याच पत्रातलं मूर्तिपूजेपासून पळा हे वचन काढतात. बरोबर आहे, आहे ते. मी आरतीला उभा राहत नाही, हे मंडळाला माहीत आहे आणि त्यांना त्याचं काही वाटत नाही. मी बांबू बांधतो, तो सुटणार नाही असा बांधतो. आगाऊ घेतलेली रक्कम बुडवत नाही, पोरांची हजेरी शनिवारी चुकती करतो. मला विचाराल तर माझी साक्ष एवढीच, आणि कळव्यात मी ख्रिस्ती आहे हे पत्रकं न वाटता सगळ्यांना ठाऊक आहे.

हे सगळ्या धंद्यांना लागू नाही, हेही सांगतो. ज्या नोकरीत रोज खोटं बोलावं लागतं, ती सोडाच, त्यासाठी मिशनरी व्हायची गरज नाही. आणि काहींना खरंच पूर्णवेळ सेवेचं बोलावणं असतं. आमचे जुने पाळक (पास्टर) तसे होते, त्यांच्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. तुम्ही आधी तुमच्या पाळकांशी बोला, माझ्यासारख्या मांडववाल्याचं ऐकून नोकरी सोडू नका किंवा ठेवूही नका.

वाचायचंच तर कृत्ये 18 ते 20 सलग वाचा. विसाव्यात पौल इफिसच्या मंडळीतल्या वडीलधाऱ्यांना आपले हात दाखवून सांगतो की माझ्या आणि सोबत्यांच्या गरजा यांनीच भागवल्या. साडूंना मी हे वचन दाखवलं होतं. पुढच्या उन्हाळ्यात त्यांच्या मंडळीच्या तीन दिवसांच्या सभेला मांडव माझाच होता, त्याच पाइपांवर, तीच ताडपत्री. भाड्यात सूट मागताना त्यांना ती ताडपत्री कुठून आली हे विचारायचं सुचलं नाही. अर्धं बिल अजून यायचंय.